दोन इंजिनं, एक ऊन

निघण्याचा आदला दिवस

गाड्या दोन होत्या, मोटरसायकली. माझी हवेवर थंड होणारी, एका सिलिंडरची, इंजिनावरच्या फिन्स म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या उघड्या दिसणारी साधी गाडी. भाच्याची नवी, आत इंजिनाची उष्णता उचलणारं कूलंट, पुढे ते निववणारा रेडिएटर आणि मीटरवर तापमानाचा आकडा. ऐन उन्हाळ्यात निघायचं ठरलं तेव्हा त्याने आधी माझ्या गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मामा, तुझी गाडी दुपारी दम टाकणार." म्हटलं, बघू, मोजतच जाऊ.

वाटेतली गावं, मुक्काम, देखावे यात शोधू नका. रस्ता सपाट होता की चढाचा, वारा समोरून होता की पाठीमागून, एवढंच इंजिनाला कळतं आणि या वेळी मलाही तेवढंच टिपायचं होतं.

मोजायला इन्फ्रारेड तापमापक घेतला. बटण दाबलं की समोरच्या वस्तूचं तापमान सांगतो, पण चकचकीत ॲल्युमिनियमसमोर तो साफ फसतो. असा धातू स्वतःची उष्णता किरणांच्या रूपात फार कमी बाहेर टाकतो, त्यामुळे आकडा प्रत्यक्षापेक्षा बराच खाली दिसतो. म्हणून स्पार्क प्लगच्या शेजारी सिलिंडर हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या टोपणावर, उष्णता सोसणाऱ्या काळ्या मॅट रंगाचा नखाएवढा ठिपका दिला. माप घ्यायचं ते त्याच ठिपक्यावर, इंजिन बंद केल्या केल्या.

संध्याकाळी ऑइल बघितलं. गाडी सपाट जागी सरळ उभी, इंजिन बंद करून दोन-चार मिनिटं झालेली, मग काचेतून पातळी. हवेवर थंड होणाऱ्या गाडीत ऑइल नुसतं वंगण नसतं. पिस्टनच्या खालच्या बाजूची, व्हॉल्व्हच्या आसपासची उष्णता तेच उचलतं आणि क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, भिंतींकडे नेऊन टाकतं. छोट्या इंजिनात ऑइल असतं जेमतेम लिटरभर. त्यात दोनशे मिलिलिटर कमी असेल तर उरलेल्या ऑइलला तेवढ्याच वेळात जास्त फेऱ्या माराव्या लागतात आणि मधे निवायला उसंत कमी मिळते. उन्हाळ्यात जाड ऑइल घालावं की नाही यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं मत साधं आहे: गाडीच्या पुस्तिकेत बाहेरच्या तापमानानुसार ग्रेडचा तक्ता असतो, तो बघा. माझ्या गाडीला १०डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० दोन्ही चालतात, म्हणून या वेळी २०डब्ल्यू-५० घातलं. पुस्तिकेत नसतं तर घातलं नसतं. क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असल्यामुळे डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं असणंही तितकंच गरजेचं.

भाच्याचं काम सोपं होतं. इंजिन थंड असताना कूलंटच्या बाटलीत पातळी दोन रेघांच्या मधे आहे ना, एवढंच बघायचं.

निघण्याचा दिवस

पहाटे निघालो तेव्हा हवा २४ अंश होती. ताशी ७५-८०च्या आसपास तासभर चालवून थांबलो, ठिपक्यावर नेम धरला: १३८. भाच्याच्या मीटरवर ९०.

दुपारी तोच वेग, तसाच सपाट रस्ता, हवा ४३. ठिपका १५६. भाच्याच्या मीटरवर ९३.

भाचा खूश. "बघ, माझी तीन अंश चढली, तुझी अठरा." आकडे खरे होते, पण ते वाचायचे कसे हा प्रश्न आहे. हवा १९ अंशांनी तापली आणि माझं हेड १८ अंशांनी. म्हणजे हवा आणि हेड यांच्यातलं अंतर सकाळी ११४ होतं, दुपारी ११३. इंजिन तेवढीच उष्णता तयार करत होतं, वारा तेवढीच घेऊन जात होता, फक्त सगळा हिशेब एक मजला वर सरकला होता. ॲल्युमिनियमच्या हेडला १५६ अंश म्हणजे काहीच नाही.

त्याच्या गाडीत तो मजला वर सरकू देत नाहीत. कूलंट ठरलेल्या पट्ट्यात राहिलंच पाहिजे. सकाळी कूलंट आणि हवा यांच्यात ६६ अंशांचं अंतर होतं, दुपारी ५०. त्याच रेडिएटरमधून तेवढीच उष्णता बाहेर काढायची, तर दुपारी कूलंटचा प्रवाह आणि हवा जास्त लागते. ते काम थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) जास्त उघडून आणि गरज पडली तर फॅन लावून मुकाट्याने होतं. आकडा स्थिर दिसतो, पण हातातली शिल्लक कमी झालेली असते आणि ती मीटरवर दिसत नाही. भाच्याला हे पटलं नाही. मीही ताणलं नाही.

ही उष्णता असते तरी किती? लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. तासाला दोन लिटर जळत असेल तर दर सेकंदाला सुमारे १८ किलोजूल, म्हणजे १८ किलोवॉट. यातला पाव हिस्सा किंवा थोडा जास्त चाकापर्यंत पोचतो, मोठा भाग सायलेन्सरमधून जातो आणि ढोबळमानाने पाव हिस्सा सिलिंडर-हेडच्या भिंतींतून बाहेर पडतो. एक-एक किलोवॉटचे चार-पाच हीटर मांड्यांच्या मधे लावून बसल्यासारखं आहे ते.

हवामानखात्याचा आकडा सावलीतला असतो, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर मोजलेला. इंजिन त्याच्या बरंच खाली, तापलेल्या डांबराच्या अर्धा मीटर वर असतं. दुपारी डांबरावर तापमापक धरला तर ६४ दिसले. डांबर काळं आणि खरखरीत, त्यामुळे तिथे तो फसत नाही. गाडीला लागणारी हवा बातम्यांतल्या हवेपेक्षा गरम असते ती यामुळे.

खोळंब्याचा दिवस

दुसऱ्या दिवशी महामार्गावर काम चाललं होतं. एकच लेन उघडी, पुढे ट्रकांची रांग. गाड्या दहा पावलं सरकायच्या आणि थांबायच्या. सकाळचे अकरा, हवा ४०, वारा शून्य.

या प्रवासात माझ्या इंजिनावर खरी वेळ आली ती इथे. दहा मिनिटांत ठिपका १५१ वरून १९३ वर गेला. भर दुपारी ताशी ८०ने पळताना जे झालं नव्हतं ते सकाळी रांगेत झालं. फिन्स म्हणजे फक्त पृष्ठभाग वाढवण्याची सोय. त्यावरून हवा वाहिली नाही तर त्यांच्या खोबणींत गरम हवा कोंडून बसते. माझ्या गाडीला फॅन नाही, मी पुढे सरकणं हाच फॅन. इंजिनाचा आवाज बदलला होता, थोडा कोरडा, टॅपेट्सचा, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा, टकटकाट उघडा पडल्यासारखा. ऑइल पातळ झाल्याची ही खूण. न्यूट्रल पटकन सापडेना. हाफ क्लचवर सरकत राहिलं की क्लच प्लेटा घासून तीही उष्णता त्याच ऑइलमध्ये जाते, आणि गरम झाल्यावर क्लच केबलला मोकळा खेळ उरत नाही की जास्त सुटतो हे गाडीगणिक बदलतं.

मी सरळ इंजिन बंद केलं. पुढची गाडी वीस-तीस मीटर पुढे गेल्याशिवाय चालू करायचं नाही, हलकासा उतार असेल तर तसंच ढकलत न्यायचं. पंधरा मिनिटांत ठिपका १४०च्या खाली आला. बंद इंजिन नवी उष्णता तयार करत नाही, एवढं साधं आहे हे. फिन्समधून टिक, टिक असा बारीक आवाज येत होता. पातळ फिन्स आणि सायलेन्सरचा पत्रा लवकर निवतो, जाड धातू उशिरा, आणि त्या ओढाताणीत तो आवाज होतो. त्याला घाबरायचं कारण नाही.

भाच्याचा नियम उलटा. त्याच्या गाडीला फॅन आहे, त्यामुळे थोडा वेळ इंजिन चालू ठेवणं त्याला परवडतं. पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद झालं की कूलंट जागच्या जागी थांबतं, हेडमधली उष्णता त्याच्यात मुरत राहते आणि पहिली काही मिनिटं आत तापमान चढतंच. १०२ला फॅन सुरू व्हायचा, ९७ला थांबायचा, असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा फॅन थांबलाच नाही. १०४, १०६, १०९. भाचा गप्प. ११२ला मी हात करून त्याला कडेला घेतलं. झाडाची सावली होती.

फॅन फिरत होता, कूलंटही बाटलीत होतं. मग हवा कुठे अडतेय? रेडिएटरसमोर उकिडवं बसलो आणि कारण समोरच दिसलं. आदल्या संध्याकाळी आम्ही दिवेलागणीला ओलिताच्या शेतांमधून बरंच अंतर कापलं होतं. रेडिएटरच्या पातळ पत्र्यांच्या जाळीदार पन्हाळ्यांत चिलटं, पाखरांचे पंख, गवताचं कुसळ असलेलं बी आणि त्यावर धुळीचा थर, सगळं उन्हाने भाजून चिकटलेलं. खालचा तिसरा हिस्सा जवळजवळ बंद. समोरून बघितलं तर करडा रंग दिसत होता, म्हणून ते पटकन लक्षात येत नाही. मागून टॉर्च मारला तेव्हा कळलं की वरच्या भागातून उजेड आरपार येतोय आणि खालच्या भागातून अजिबात नाही.

त्याचा हात रेडिएटरच्या झाकणाकडे गेला तसा मी ओरडलोच. आत दाब असतो, साधारण एक बार किंवा किंचित जास्त, आणि त्या दाबामुळेच पाणी-ग्लायकॉलचं मिश्रण १२० अंशांच्या वरही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब पडतो, त्या क्षणी आतलं सगळं उसळून उकळतं आणि सरळ तोंडावर येतं. हात लावण्याइतकं इंजिन निवेपर्यंत झाकणाचं नाव काढायचं नाही.

अर्धा तास थांबलो. मग मऊ ब्रशने पन्हाळ्यांच्या दिशेने, आडवा न फिरवता, कोरडं साफ केलं. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून मागच्या बाजूने पुढे पाणी सोडलं, म्हणजे घाण ज्या वाटेने आली त्याच वाटेने बाहेर पडते. समोरून जोरात पाणी मारलं तर ती आणखी आत ठोकली जाते आणि प्रेशरच्या पाण्याने त्या कागदासारख्या पन्हाळ्या आडव्या होतात. चार-पाच वाकलेल्या होत्याच, त्या प्लॅस्टिकच्या चपट्या काडीने एकेक करून उभ्या केल्या. काम कंटाळवाणं, पण पुन्हा रांगेत लागलो तेव्हा फॅन आधीसारखा लागत-थांबत होता.

माझ्या गाडीत अशी जागा नाही असं नाही. फिन्समध्ये चिखल सुकला की तो उष्णतारोधक थर होतो. लेगगार्डला बॅगा बांधणारे लोक तर हवा पोचायच्या आधीच अडवतात. माझं सगळं सामान मागच्या सीटवर होतं ते त्यासाठीच.

घाटाचा दिवस

चढ सुरू झाला तो पाठीवर वारा घेऊन. सायकलवाल्याला असा वारा आवडतो, इंजिनाला नाही. ताशी ३० किलोमीटरने चढत असाल आणि मागून २०चा वारा असेल, तर फिन्सना लागतो फक्त १०चा. त्याच वेळी इंजिन मात्र जोर लावत असतं. म्हणजे उष्णता जास्त, वारा कमी. आदल्या दिवशीच्या रांगेपेक्षा बरं, पण फार नाही.

इथे भाच्याची आणि माझी चालवण्याची पद्धत वेगळी पडली. तो वरच्या गिअरमध्ये रेस पिळून चढत होता, कारण आवाज कमी येतो आणि कमी आवाज म्हणजे इंजिनाला आराम अशी त्याची समजूत. मी एक गिअर खाली होतो. कमी फेऱ्यांवर मोठा थ्रॉटल दिला की प्रत्येक स्फोटाचा दाब पिस्टनवर जास्त वेळ बसतो, ऑइलचा आणि पाण्याचा पंप मात्र इंजिनाच्या फेऱ्यांवर चालत असल्यामुळे रेंगाळतो. एका वळणावर त्याच्या गाडीतून पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला. नॉकिंग. हवा तापलेली, हेड तापलेलं, त्यात लोड. ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून पेट घेतं. नव्या गाडीतला ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, शक्य तिथे ठिणगी जरा उशिरा टाकून सांभाळतो, पण त्याला ती पाळी आणायची कशाला? "खाली टाक," मी खूण केली. त्याने गिअर टाकला, आवाज गेला आणि पुढच्या दोन किलोमीटरमध्ये मीटर १०३ वरून ९८वर आला.

माथ्यावर पोचल्या पोचल्या गाड्या थांबवल्या नाहीत. सपाटीवर दोन-तीन मिनिटं हलक्या रेसवर चालवलं, हेड वाऱ्याला लावलं, मग थांबलो. ठिपका १६२. न करता लगेच थांबलो असतो तर तो १८०च्या आसपास असता असा माझा अंदाज.

थांबल्यावर एका ट्रकवाल्याने प्रेमाने सांगितलं, "पाणी मारा दादा, लगेच गार होईल." हात जोडले. ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. हेड, सिलिंडर, स्लीव्ह, बोल्ट वेगवेगळ्या धातूंचे असतात. १६० अंशांच्या हेडवर एका बाजूने गार पाणी पडलं तर तेवढीच बाजू एकदम आकसते. हेड वाकतं, गॅस्केट सुटतं, फिनला तडा जातो. दर वेळी होईलच असं नाही, म्हणूनच लोक छातीठोकपणे सांगतात की आम्ही कायम मारतो.

उतारावर इंजिनाची काळजीच नव्हती. थ्रॉटल मिटलेला, खालचा गिअर, समोरून वारा, ठिपका ११८. तिथे तापतात ते ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डीओटी ४ या प्रकारचं ब्रेक ऑइल कोरडं असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५वर येते. उकळलं की लिव्हर पोकळ जातो. त्यामुळे उतारभर इंजिन ब्रेकिंग आणि ब्रेक वळणापुरता.

पठारावरचा दिवस

सगळ्यात गरम दिवस हाच, ४५. आणि इंजिनांबद्दल सांगण्यासारखं सगळ्यात कमी. ठिपका दिवसभर १६०च्या आगेमागे, भाच्याचं मीटर ९४. मोकळा रस्ता, एकसारखा वेग, समोरून वारा. ४५ अंशांची हवा १६० अंशांच्या धातूला गारच लागते.

आमचं तसं नव्हतं. कातडी असते ३५च्या आसपास, त्यामुळे ४५ अंशांचा वारा माणसाला थंड करत नाही, उलट तापवतो आणि घाम येतो न येतो तोच सुकवून नेतो. भाच्याने जाळीचं जॅकेट पूर्ण उघडं ठेवलं होतं आणि तासाभरात त्याचं डोकं दुखायला लागलं. आतला टीशर्ट पाण्यात भिजवून घातला, जॅकेटचे व्हेंट अर्धे मिटले, म्हणजे वारा आत शिरतो पण बेताने आणि पाणी तासभर पुरतं. गळ्याभोवती ओला रुमाल. मग बरं वाटलं त्याला. तरीही बारा ते चार आम्ही रस्त्यावर नव्हतो, आणि ते इंजिनांसाठी नव्हतं.

त्या चार तासांत सावलीत पडून गप्पा झाल्या. भाच्याच्या मते हवेवर थंड होणारी गाडी म्हणजे जुना जमाना. मी त्याला १९२३ची बीएमडब्ल्यू आर ३२ सांगितली. माक्स फ्रिट्झने दोन सिलिंडर आडवे, दोन्ही बाजूंना बाहेर काढले, म्हणजे दोघांनाही सारखा वारा. गाडीच्या लांबीत एकामागे एक सिलिंडर ठेवले की मागच्याला पुढच्याने तापवलेली हवा मिळते, ही अडचण त्याने एका फटक्यात सोडवली. आणि ती मांडणी अजून आहे. तो लगेच म्हणाला, "पण शेवटी पाणी घातलंच ना त्यांनी?" खरं आहे. २०१३च्या आर १२०० जीएसमध्ये हेडच्या सगळ्यात गरम भागांना पाणी आलं. १९८५ची सुझुकी जीएसएक्स-आर ७५० मधल्या वाटेवरची: पाणी नाही, भरपूर ऑइल, त्याचे फवारे पिस्टनच्या पोटावर आणि ज्वलनकक्षाच्या छतावर, आणि ते ऑइल निववायला मोठा कूलर. वजन वाचलं. मला स्वतःला ती वाट सगळ्यात हुशारीची वाटते.

चारला निघताना टाकी भरली, पण गळ्यापर्यंत नाही. पेट्रोल दर अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. जमिनीखालच्या टाकीतलं गार पेट्रोल १५ लिटर घेतलं आणि ते उन्हात २० अंशांनी तापलं, तर पाव लिटरहून जास्त जागा मागतं. टायरची हवा सकाळी थंड असतानाच बघितली होती. दुपारी दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडणारे लोक दुसऱ्या दिवशी सकाळी कमी हवेवर निघतात, आणि कमी हवेचा टायर जास्त वाकून जास्त तापतो.

परतीचा दिवस आणि नंतर

परत येताना रात्रीच निघालो. सांगण्यासारखं काही घडलं नाही. ठिपका १३५, मीटर ९०, डोळ्यांवर झोप. एक थांबा घेतला तो माणसांसाठी.

घरी आल्यावर ऑइल ठरलेल्या किलोमीटरच्या आधीच काढलं. ऑइल जितकं गरम तितकं ते लवकर खराब होतं. दर दहा अंशांना ऑक्सिडीकरणाचा वेग दुप्पट असा ढोबळ हिशेब धरतात, आणि त्या रांगेतल्या दहा मिनिटांनी माझं ऑइल चांगलंच वापरलं होतं. ते काळं होतं, त्याचं काही विशेष नाही, काळं होणं म्हणजे ते काजळी धरून ठेवतंय. बोटावर घेऊन वास घेतला. करपट वास नव्हता, चुरा नव्हता. स्पार्क प्लगचं टोक फिकट तपकिरी, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण ठीक. पांढरंफटक असतं तर मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलचं, जळतंय का ते बघावं लागलं असतं, कारण पातळ मिश्रण बहुतेक वेळा जास्त तापवतं.

भाच्याच्या गाडीचं कूलंट जुनं झालेलं होतं. गंज रोखणारी द्रव्यं संपली की ते दिसायला तसंच राहतं आणि आतून ॲल्युमिनियम खायला लागतं. नवं भरताना त्याने मिसळायला नळाचं पाणी घेतलं होतं, ते बदलून डिस्टिल्ड घ्यायला लावलं, कारण नळाच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात.

आता तो रेडिएटरपुढे जाळी लावायच्या मागे आहे. बारीक जाळी किडे अडवते, पण थोडी हवाही अडवते. मोठ्या भोकांची दगड अडवते आणि चिलटं आत सोडते. त्याचा कल बारीक जाळीकडे, माझा ब्रशकडे. अजून ठरलेलं नाही.